क्रमांक एकची नोंद

सेलूच्या स्टेशन रोडवर, सरकी-ढेपेच्या दुकानाशेजारी महेश्वरीचं टायपिंगचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीला टेकवलेलं लाकडी बाकडं. बाकड्याचा आतला कोपरा माझा. म्हाताऱ्या कलावंतांच्या मानधनाचा फॉर्म भरायला म्हणून एकदा गेले, ती तिथलीच झाले. नाटक कंपनी बंद पडली तरी समोर उजेड आणि चार माणसं असावीत ही सवय काही जात नाही.

महेश्वरी चाळिशी ओलांडलेली. कपाळावर भस्माची बारीक रेघ, हात कीबोर्डवर आणि तोंड गिऱ्हाइकाशी. "मामा, अंगठा मशीनवर नुसता ठेवा. घासू नका, म्हैस न्हाई ती!" लिंगायत समाजाची वधू-वरांची वेबसाइट तीच चालवते. शेकड्यांनी लग्नं तिच्या पडद्यावर जुळली, तिचं स्वतःचं राहिलं. कुणी विचारलंच तर म्हणते, "येळ कुठाय? तुमच्याच पोरींचे फोटू उजळ करायलेय."

ही वेबसाइट तिच्या थोरल्या भावानं, श्रीशैलनं, दोन हजार आठ साली बांधली. मोठा मिश्कील पोरगा. 'माय' म्हणताना 'मा' लांबवायचा, हाक मारल्यासारखा. साइट चालते का हे पाहायला त्यानं पहिली नोंद केली ती स्वतःच्या आईची, चन्नबसम्माची, आणि तीही वधू म्हणून. अपेक्षेच्या रकान्यात लिहिलं, 'सासू नसावी.' ती नोंद झाकायची राहिली आणि ताडकळसहून एका गृहस्थाचा फोन आला.

"मुलगी काय करते?"

"भाकरी लय झ्याक करते," श्रीशैल म्हणाला. "पण लेकाला सोडून नांदायची न्हाई."

हा किस्सा सांगताना चन्नबसम्मा पदर तोंडाशी धरून हसायची. जन्मतारखेच्या रकान्यापाशी मात्र तो अडला होता. आईला तारीख ठाऊक नव्हती. तेव्हा त्यानं आपलीच टाकली, नऊ एप्रिल. "तू माय झालीस तो दिवस," म्हणाला. साइटवर नाव असलेल्या प्रत्येकाला वाढदिवसाला शुभेच्छांचा मेल आपोआप जावा अशी सोय त्यानं केली होती. आईसाठी त्यातला मजकूर वेगळा होता: 'माय, आज तुजा वाढदिवस. जेवलीस का? श्रीशैल.'

दोन हजार बाराच्या दिवाळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत श्रीशैल गेला. पुढच्या नऊ एप्रिलला सकाळी सहा वाजता दुकानाच्या पत्त्यावर मेल आला. 'माय, आज तुजा वाढदिवस.'

महेश्वरी तो छापून घरी घेऊन गेली. पुढं आईच्या हातात मोबाईल आला, मग मेल थेट देवघराच्या फळीवर ठेवलेल्या त्या मोबाईलवर वाजू लागला. अशी अकरा वर्षं गेली.

यंदा मार्चमध्ये सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीकडून सूचना आली. साइट ज्या जुन्या सर्व्हरवर होती तो एकतीस तारखेला दुपारी बारा वाजता कायमचा बंद होणार. त्याआधी सगळा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवायचा.

महेश्वरीनं नक्कल तिकडं चढवली तर नावांच्या जागी तुटक्या रेघा आणि प्रश्नचिन्हं. जुन्या फॉन्टातली अक्षरं नव्या जागी कुणी ओळखेना. अक्षरं बदलून घ्यायची युक्ती तिला सापडली, पण नाव न् नाव कागदी फॉर्मांशी ताडून बघणं भाग होतं.

"आक्का, तुमी वाचा. मी बघते."

पंधरा दिवस दुपारभर मी फॉर्म वाचत होते. साडेतीन हजार माणसं. मी नाव घ्यायचे आणि ते माणूस बाकड्याशी येऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं. कुणाच्या लग्नात मी जेवले होते, कुणाच्या मातीला गेले होते. फॉर्मावरचे फोटो सगळे विशीतले, हसरे. ज्यांना आम्ही पुरून आलो तेही हसत होते. अंगावर काटा यायचा, आणि तरी मी पुढचं नाव वाचायचे.

मग खरी अडचण उभी राहिली. नोंदी हलल्या, पण श्रीशैलनं लिहिलेला शुभेच्छांचा प्रोग्राम नव्या सर्व्हरवर चालेना. तो फार जुना. नवाच लिहावा लागणार होता.

"म्हंजी बघा आक्का," महेश्वरी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आजवर तो पाठवायचा. त्यानं लिहून ठेवलेलं, आपसूक जायचं. आता मी लिहायचं आन् खाली त्याचं नाव घालायचं. नऊ तारीख तोंडावर आली. घालू का नगं?"

मी सरळ म्हणाले, "घाल." आमच्या कंपनीत एकीला ऐन जत्रेत देवाज्ञा झाली, तेव्हा दुसऱ्या रात्री तिच्याच बांगड्या चढवून मी तिची भूमिका केली होती. लोक रडले होते. मला वाटलं, हेही तसंच.

"पण ते त्याचं वाटंल का?"

इथं मी चुकले. कंपनीत पुरुष कमी पडले की मी मिशी लावायचे, घोगरा आवाज माझ्या घशात अजून आहे. मी बाकड्यावरून उठले आणि श्रीशैलसारखं 'माय' लांबवत म्हणाले, "माऽऽय, आज तुजा वाढदिवस. जेवलीस का?"

"जेवले रे," दारातून आवाज आला.

चन्नबसम्मा डबा घेऊन आली होती. एक पाय पायरीवर, एक आत. चेहरा असा उजळला होता की तसा मी कुठल्या दिव्यात पाहिला नाही. मग तिनं दुकानभर नजर फिरवली, मला पाहिलं आणि तो उजेड उतरला. आयुष्यभर टाळ्यांसाठी आवाज काढले. तो एक आवाज परत घेता आला असता तर सगळ्या टाळ्या देऊन टाकल्या असत्या.

"माफ करा, अम्मा," एवढंच म्हणता आलं.

"तुमचं काय चुकलं, बायनाबाई. तुमी एकदाच केलं." ती लेकीकडं वळली. "ही दर साली करायली."

"मी कुठं? ते आपोआप—"

"बंद करता येत व्हतं का न्हाई?"

महेश्वरी टेबलावरचे फॉर्म सारखे करू लागली.

"पहिल्याच साली म्हणले तुला, राहू दे म्हणून. तू कागद घेऊन पळत आलीस, माझं ऐकलं न्हाईस." चन्नबसम्मानं डबा टेबलावर ठेवला. "आपल्यात श्राद्ध न्हाई, पान वाढणं न्हाई. लिंगैक्य झालेल्याला, शिवात मिळालेल्याला घरी बोलवायचं नसतंय. तू त्याला दर साली दारात उभं करायलीस. त्या दिवशी पूजेला गळ्यातलं लिंग तळहातावर घेते आन् ध्यान सारं फोनाकडं. अकरा सालं झाली पोरी, त्या दिवसाची पूजा माझ्या हातून झाली न्हाई."

"तुला बरं वाटत आसंल म्हणून..."

"वाटतं की. लय बरं वाटतं. तेच तर भ्याव हाय." तिचा आवाज फुटला. "मी हाक ऐकून मागं वळते, म्हणून त्यो पुढं जाईना."

डबा तसाच राहिला.

एकतीस तारखेला चन्नबसम्मा सकाळपासून दुकानात येऊन बसली. अकरा वाजता महेश्वरीनं शेवटची यादी तपासली. नव्या जागी नोंदी दोनपासून सुरू होत होत्या. क्रमांक एक तिनं हलवलीच नव्हती.

जुन्या सर्व्हरवरचं ते पान तिनं उघडून ठेवलं. वधू, चन्नबसम्मा, नऊ एप्रिल. बाराला पाच मिनिटं होती तेव्हा आईनं पुढं सरकून पडद्यावर बोट ठेवलं, तीट लावावी तसं, आणि मागं घेतलं. बारा वाजून गेले. महेश्वरीनं पान पुन्हा उघडून पाहिलं. पांढरं. पुन्हा. पांढरंच. पंखा फिरत होता आणि आम्ही तिघी त्या पांढऱ्याकडं बघत होतो. मी रंगमंचावर खूप अंधार पाहिला. इतकं रिकामं काही पाहिलं नव्हतं.

"माय," महेश्वरी बारीक आवाजात म्हणाली, "आता कुठं असंल त्यो?"

"जायचं व्हतं तिथं," चन्नबसम्मा म्हणाली. "उशीर झाला लेकराला."

तेवढ्यात फोन वाजला. जिंतूरकडचा कुणी बाप होता, आवाज बाहेर ऐकू येत होता. "ताई, तुमची साइट उघडंना की! पोरीसाठी स्थळं बघायची व्हती."

"जागा बदलायलोय, आप्पा. सांजच्याला दिसंल. काळजी नगं, सगळे नीट पोचलेत."

फोन ठेवताना तिला आपलंच बोलणं ऐकू आलं असावं. श्रीशैलच्या मातीला ती रडली नव्हती, तेव्हा फॉर्म, फोन, माणसं सगळं तिनंच सांभाळलं होतं. आता तिनं टेबलावर डोकं टेकलं. गिऱ्हाईक दारात आलं तर चन्नबसम्मानं हातानंच त्याला थांबवलं, आणि लेकीचं रडणं संपेपर्यंत तिच्या पाठीवरचा हात काढला नाही.