जनावरांच्या दवाखान्यातला नायट्रोजन

"तुजं जनावर कुठाय?" मावशींनी विचारलं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर मी स्टीलचा मोठा थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. समोर लिंबाच्या सावलीत दोन गायी, एक शेळी आणि या मावशींची म्हैस बांधलेली. तिथे प्रत्येकाबरोबर एक जनावर होतं. माझ्याबरोबर थर्मास होता.

"माझं जनावर नाही," मी म्हणाले.

"मंग इथं काय करायलीस?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण इंग्रजीत. मी बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकले. घरी मराठी, वर्गात इंग्रजी, आणि दोन्हींत शक्य तितकं कमी बोलायचं, अशी माझी सवय. देवगाव फाट्याहून सेलूला रोज बसने येताना ओळखीचं कोणी दिसलं, तर मी खिडकीबाहेर बघते. त्यामुळे "नायट्रोजन न्यायला आलेय," एवढंच बोलून मी थर्मासच्या कडीशी खेळत बसले.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझ्या प्रकल्पातली वस्तू म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी एक काळी वडी होती. लँथेनम, कॅल्शियम आणि मँगनीजच्या भुकट्या खलात घोटून, दाबून, भट्टीत भाजून मी ती केली होती. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन एकमेकांची फारशी दखल न घेता पळतात. माझ्या वडीत तसं नसतं. तिथे ते एकमेकांना इतके टाळतात, की बऱ्याचदा जागचे हलतच नाहीत, आणि वीज अडखळते. वाचलेलं असं होतं, की अशी वडी थंड करत गेलं तर तिचा रोध, म्हणजे विजेला होणारी अडवणूक, आधी वाढत जाते. मग एका ठिकाणी अचानक वळण येतं, रोध घसरतो आणि वडी धातूसारखी वागू लागते. माझी वडी वळेल का, हे कोणालाच माहीत नव्हतं.

पुण्याच्या एका संस्थेत मला पीएच.डी.च्या मुलाखतीला बोलावलं होतं. तिथल्या एका प्राध्यापिकेने ईमेलमध्ये लिहिलं होतं, वडी थंड केल्यावरचा आलेख असेल तर घेऊन या, त्यावरच बोलू. विद्यापीठातल्या मोठ्या यंत्रावर आमचा नंबर लागायला काही महिने होते. मग माझ्या प्रकल्पाच्या सरांनी आणि मी कॉलेजातच जुळवाजुळव केली. वडीला चांदीच्या लेपाने चार बारीक तारा चिकटवल्या, शेजारी तापमान मोजायची तार लावली आणि सगळं एका लांब सळईच्या टोकाला बांधलं. पहिल्यांदा कुल्फीवाल्यासारखं बर्फात मीठ घालून सळई त्यात सोडली. उणे पंधरापर्यंत पोचलो. रोध वाढतच राहिला, वळण काही आलं नाही.

"वळण याच्या खाली असेल," सर म्हणाले. "किंवा नसेल. द्रव नायट्रोजन पाहिजे. जनावरांच्या दवाखान्यात मिळतो. मी फोन करतो, तू जाऊन आण."

तो तिथे कशासाठी असतो, हे मला माहीत होतं. वळूंचं गोठवलेलं वीर्य बारीक कांड्यांत भरून त्यात ठेवतात. हा शब्द मी इंग्रजीत परीक्षेच्या पेपरात न अडखळता लिहिला असता. मराठीत, चार शेतकऱ्यांसमोर, तो तोंडातून निघेना.

आणि आज पोचले, तर नायट्रोजन नव्हताच. म्हणजे होता, पण माझ्यासाठी नव्हता. डॉक्टरांनी टाकीत एक पट्टी बुडवून वर काढली. पट्टीच्या खालच्या चार बोटांएवढ्या भागावरच पांढरा बर्फ जमला होता.

"एवढाच उरलाय," ते म्हणाले. "तुम्हाला दिला तर आतल्या कांड्या मरतील. आज नायट्रोजनची गाडी येणार म्हणालेत. आली तर भरून घेऊन जा."

"कधी येईल?"

"ते गाडीवाल्यालाच माहीत."

माझी पुण्याची गाडी त्याच रात्रीची होती. एरवी मी "ठीक आहे" म्हणून निघाले असते. 'ठीक आहे' हे माझं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य असेल. त्या दिवशी का कोण जाणे, मी म्हणाले, "मी थांबते." आणि बाकावर बसले.

मावशींच्या म्हशीचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी टाकीचं झाकण उघडलं. पांढरा धूर कडेवरून खाली सांडला. चिमट्याने त्यांनी एक बारीक कांडी उचलली आणि कोमट पाण्याच्या भांड्यात धरली. मी मान फिरवली नाही. आत जे थिजून पडलं होतं, ते अर्ध्या मिनिटाच्या उबेने पुन्हा हालचालीला लागणार होतं. माझ्या वडीकडून मी याच्या उलट मागत होते. तिने थंडीत जागं व्हावं, अशी माझी इच्छा होती.

काम झाल्यावर मावशी परत शेजारी येऊन टेकल्या. म्हशीला लगेच चालवायचं नव्हतं. "दोनदा उलटली, गाभ राहिलाच न्हाई," त्या म्हणाल्या. "या बारीला तरी ठरू दे. बरं, तुजं सांग. त्या धुराचं काय करणार?"

मी थर्मासकडे बघत बोलायला लागले. "देवगाव फाट्याला बस गच्च भरलेली असते ना मावशी, तेव्हा कोणालाच हलता येत नाही. चारजण उतरले, की मग माणसं सरकतात. माझ्याकडे एक वडी आहे, तिच्यात असे लहान लहान कण आहेत. एका जागेवर दोघं बसायला तयारच नसतात. म्हणून मी काही जागा रिकाम्या केल्या."

"आमच्या जावाच की गं!" मावशी म्हणाल्या. "आमी तिघी. एका चुलीपाशी दोघी हुब्या राहिल्या, की भांडी वाजलीच म्हनून समज. एक माहेराला गेली, की घर कसं वाहतं."

शेळीवाले आजोबा हसले. "आन माहेराहून आली की?"

"तुमी गप बसा वो."

मलाही हसू आलं. "पण नुसती जागा रिकामी होऊन भागत नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "शेजाऱ्यांची तोंडंही एकीकडे लागतात. प्रत्येकाचं तोंड भलतीकडे असेल, तर रिकाम्या जागेतसुद्धा कोणी जात नाही. गरमीत ती सगळी इकडेतिकडे असतात. थंडी वाढली, की एका दिशेला वळतात, आणि वाट मोकळी होते."

"थंडीत?" मावशींनी विचार केला. "आमच्या जावा थंडीतबी वळना झाल्या तर?"

"माझ्याही वळल्या नाहीत अजून. तेच बघायचंय. वळल्या तर पुण्याचे लोक मला पुढे शिकायला घेतील कदाचित."

"मंग थांब तू. गाडी येती."

जावांची उपमा पूर्ण बरोबर नव्हती. इलेक्ट्रॉनांना राग येत नाही, त्यांचा विद्युतभार एकमेकांना ढकलतो एवढंच. पण मी दुरुस्ती केली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा माझा विषय मी कोणाला तरी तोंडी सांगितला होता, आणि तो त्यांना पोचला होता.

मावशी म्हैस घेऊन गेल्या. आजोबा गेले. ऊन बाकावर आलं तसं मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले. गाडी आली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. डॉक्टरांनी आधी टाकी भरली, मग माझा थर्मास. "झाकण घट्ट लावायचं नाही," त्यांनी बजावलं, "वाफ कोंडली तर फुटेल." तोंडावर थर्माकोलचा सैल तुकडा ठेवून, थर्मास पोटाशी धरून मी रिक्षात बसले. फटीतून धूर माझ्या ओढणीवर उतरत होता.

"ताई, चहा लय गरम दिसायलाय," रिक्षावाला आरशात बघून म्हणाला.

"गरम नाही, थंड आहे. हळू चालवा, सांडला तर हात भाजेल."

त्याने आरसा नीट केला, मला एकदा बघितलं, आणि खरंच हळू चालवली.

प्रयोगशाळेत सरांनी सळई थर्मासात हळूहळू सोडायला घेतली. द्रवात बुडवायची नाही, वरच्या थंड वाफेत बोटबोट खाली न्यायची. एरवी अशा वेळी मी लिहायचं काम मागून घेते, कारण माझा आवाज सरांना ऐकू जात नाही. आज दुसरं कोणी नव्हतं. दोन्ही मीटर मीच मोठ्याने वाचत होते, सर एका हाताने सळई धरून दुसऱ्या हाताने लिहीत होते. मी इंग्रजीत आकडे सांगत होते. मराठीतला एकोणऐंशी मला अजून क्षणभर थांबून जुळवावा लागतो.

उणे दहा. रोध वाढला. उणे पंधरा, वाढला. इथपर्यंत आम्ही कुल्फीच्या बर्फाने आलो होतो. उणे वीस, वाढला. उणे पंचवीसला तो वाढला, पण आधीपेक्षा कमी. मी सरांकडे बघितलं. ते सळईकडे बघत होते.

"वाच," ते म्हणाले.

उणे तीसला आकडा जागच्या जागी रेंगाळला. शेवटचा अंक वर जाई, खाली येई. तार सुटली असेल, असं माझ्या मनात आलं. उणे पस्तीसला तो कमी झाला. मी वाचला. उणे चाळीसला आणखी कमी. मी पुन्हा वाचला, आणि माझा आवाज इतका चढला होता, की शिपाईकाका दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं?"

"वळली," मी म्हणाले.

सरांनी सळई पुन्हा वर घेतली, पुन्हा खाली नेली. येताना, जाताना, वळण त्याच सुमारास आलं. रात्रीच्या गाडीत आलेख माझ्या पिशवीत होता.

मुलाखतीत त्या प्राध्यापिकेने आलेखावर बोट ठेवून पहिलाच प्रश्न विचारला, "सेलूत हे थंड कसं केलं?" मी उत्तर तयार केलं होतं, 'स्थानिक ठिकाणाहून नायट्रोजन मिळवला.' ते राहिलं बाजूला. मी जनावरांचा दवाखाना सांगितला, कांड्या सांगितल्या, न अडखळता. पुढे अर्धा तास त्या वळणावरच बोलणं झालं. दोन प्रश्न मला आले नाहीत. तसं मी सांगितलं.

महिन्याभराने देवगाव फाट्यावर बसची वाट बघत होते. पलीकडून मावशी येताना दिसल्या. मी खिडकीबाहेर बघायच्या बेतात होते, पण मी बसमध्ये नव्हते, आणि तिथे खिडकीही नव्हती.

"मावशी!" मीच हाक मारली.

"अगं, धुरवाली! वळल्या का जावा?"

"वळल्या. तुमची म्हैस?"

"पुन्हा माजावर आली न्हाई, म्हंजी ठरलंय वाटतं बघ. डागदर दोन म्हैन्यांनी तपासतो म्हनला. आन तुजं? घेतलं का त्या पुन्याच्या लोकांनी?"

"त्यांचाही निकाल लागायचाय अजून."

"मंग दोघीबी थांबू," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी खाली ठेवून माझ्यासाठी दगडावर जागा केली.