पडू दे एक टप्पा

लग्नाला महिनाही झाला नव्हता. तिच्या हातून इस्त्री केलेला पांढरा शर्ट जमिनीवर पडला आणि आतल्या खोलीत दोघा भावांची जुंपली. ती पडद्याआड उभी राहून ऐकत होती.

"हिच्या हातात काही टिकत नाही. लाँड्री चालवायचीय की हसं करून घ्यायचंय? पाठव तिला माहेरी," थोरले दीर म्हणाले.

"दादा, एक शर्ट पडला हो फक्त," नवरा म्हणाला. पण त्याचा आवाज चढायच्या आधीच उतरला.

माहेरी कुणी पाठवलं नाही, पण तिने कानाला खडा लावला. पुढच्या चाळीस वर्षांत तिच्या हातून रुमालसुद्धा जमिनीला लागला नाही. चादर घसरली तर गुडघ्यावर झेलायची, मोजा निसटला तर पायाच्या अंगठ्यावर. नवरा गेला, दुकान एकटीच्या अंगावर आलं, तरी हे चुकलं नाही.

मग दुकानासमोरच्या हॉलमध्ये पिकलबॉल सुरू झाला. हातभर बॅट, भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू, मध्ये बुटकं नेट. हॉलचे टॉवेल पोचवायला ती जायची. शिकवणाऱ्या नर्सबाईंनी एक दिवस तिचं मनगटच धरलं. "ताई, एवढी जड इस्त्री फिरवता आणि खेळत नाही? या उद्या सकाळी सहाला."

दिरांना कळलं. "साठीला आलीस. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, कपडे वेळेवर येतात," ती म्हणाली आणि कॅनव्हासचे बूट घेऊन आली. दुकान सातला उघडायचं. सहा ते सात हा तास आजवर कुणाचाच नव्हता. आता तो तिचा झाला.

पण नवशिक्यांना मुदत महिन्याची. शेवटच्या दिवशी एक डाव. जिंकतील त्यांना सकाळची वेळ कायमची, हरतील त्यांनी जागा सोडायची. नावं लावून माणसं बाहेर वाट बघत होती.

आणि हिची गाडी पहिल्याच नियमाला अडली. समोरून सर्व्हिस आली की चेंडू एक टप्पा पडू द्यायचा, मग मारायचा. तो परत आला की सर्व्हिस करणाऱ्यांनीही तसंच करायचं. हवेतल्या हवेत मारायची मुभा त्यानंतर. हिला पडणारी वस्तू बघवतच नव्हती! चेंडू खाली येतोय म्हटलं की ही झेपावायची.

"मावशी, चेंडू आहे तो, चादर नाही!" नेटपलीकडून खेळणारा बँकेतला कॅशियर हसायचा. त्याची बायको त्याहून मोठ्याने.

नर्सबाईंनी तिला हात पाठीमागे बांधून उभं केलं. "टप्प्याचा आवाज ऐकू येईपर्यंत हात पुढे आणायचा नाही." पहिल्या दिवशी तिला घाम फुटला, जणू कुणाचं पोर जिन्यावरून पडतंय. त्या संध्याकाळी तिने दुकानाचं दार लावलं, धुतलेला रुमाल चिमटीत धरला आणि मुद्दाम सोडला. पडला. आभाळ कोसळलं नाही. मग तिने तो उचलून पुन्हा धुतला, ते वेगळं.

शेवटच्या दिवशी तिचा जोडीदार बसड्रायव्हर, समोर कॅशियर नवराबायको. यांचे दहा, त्यांचे नऊ. जिंकायला एक गुण हवा होता. ड्रायव्हरने सर्व्हिस केली. कॅशियरने परतवली ती थेट हिच्या छातीशी, मऊ, अलगद, मारावीशीच वाटावी अशी.

"घ्या मावशी, झेला!" तो ओरडला.

तिच्या तळहाताला मुंग्या आल्या. पडद्याआडचं भांडण पुन्हा कानात घुमलं. 'पडू दे,' ती मनात म्हणाली, 'काय करायचं ते करा,' आणि दोन पावलं मागे सरली. टक्क. टप्पा पडला. मग कॉलरवरून इस्त्री फिरवावी तशा हलक्या हाताने तिने चेंडू नेटपलीकडे टाकला. नवराबायको दोघंही मागच्या रेषेवर. पळत येईपर्यंत चेंडूचे दोन टप्पे झाले होते.

"मावशी..." कॅशियर चेंडू उचलत म्हणाला.

"चादर नव्हती ना ती," ती म्हणाली.

सात वाजता दुकान उघडलं. दिवसभर इस्त्री चालली. शेवटची फेरी नेहमीप्रमाणे दिरांकडे. शर्ट कपाटात लावताना ते मागून म्हणाले, "अजून किती दिवस हे खूळ?"

"वेळ कायमची मिळालीय, भावोजी."

तिने मळक्या कपड्यांचं बोचकं बांधलं. एक मोजा निसटला. तो पायाच्या अंगठ्यावर झेलला, बोचक्यात खोचला आणि निघाली.