तेल पुसलेला खांब

वाघोलीहून रविवारी सकाळी निघाले ती देवाचं नाव घेतच. माझी पंधरा वर्षांची मुलगी ईरा बसमध्ये शेजारी निवांत मोबाइल बघत बसली होती. तिच्या आखाड्यातला नवा मल्लखांब बुडाशी हलायला लागला होता, म्हणून आज ती पहिल्यांदाच तिथल्या जुन्या खांबावर चढणार होती. खेळाचा आणि माझा छत्तीसचा आकडा. आमच्या अकोल्याच्या घरात साधा कॅरमही कुणी खेळलं नाही. ईराचा सराव मी कधी बघितला नव्हता, बघवलाच नसता. आज मात्र घरी राहवेना.

नगर रस्त्यावर नेहमीची कोंडी होती. स्वारगेटला उतरून चहा-इडली मागवली, मी चहाही अर्धाच घेतला. ईराने दोन इडल्या खाल्ल्या आणि माझ्या बशीतली तिसरीही उचलली.

पेठेतल्या त्या आखाड्यात शिरलो. ईरा कपडे बदलायला गेली आणि मी खांबासमोर एकटीच उभी राहिले. काळाभोर शिसवी खांब. खाली रुंद अंग, वर निमुळती होत गेलेली मान आणि टोकाला बोंड (खांबाचा गोल माथा). मान इतकी बारीक, की माझ्याच मानेला घाम फुटला. हात लावला तर बोटं सटकली. खांबाला तेल होतं. पोरगी यावरून थेट डोक्यावर पडणार, एवढंच मला दिसलं. तिच्या पिशवीतला टॉवेल काढला आणि हात पोचेल तिथपर्यंत खांब खसाखसा पुसून काढला.

"आपण पुसलात?" मागून सरांचा आवाज आला. ईराचे हे सर सत्तरीचे, शब्द मोजून बोलणारे.

"हो. घसरली असती ती."

"उत्तम. आता घसरणार नाही. खांबावरून वेगाने उतरताना मांडीची कातडी तेवढी सोलवटेल, आणि त्या कळेने हात सुटला की मग पडेल."

सरांनी एरंडेलाची वाटी माझ्यासमोर धरली. "घ्या. ज्यांनी पुसलं त्यांनीच लावायचं, अशी इथली पद्धत आहे."

मी तळव्याने तेल चोळू लागले. चोळता चोळता लाकडाच्या आतल्या रेषा वर आल्या, गुळाच्या पाकासारख्या तांबूस. मानेखाली एक उथळ खळगा लागला. कितीतरी पोरांच्या पकडीने तो झिजला होता आणि गालासारखा मऊ झाला होता. किती देखणा होता तो खांब! मी हात काढायला विसरले. त्या खळग्यात हात असतानाही माझी भीती मात्र जशीच्या तशी होती.

ईरा आली, खांबाला नमस्कार करून सरसर चढली. मानेला मांड्यांची मिठी घालून उलटी झाली आणि तिने दोन्ही हात सोडले. लाकूड बारीकसं करकरलं. मी पदर तोंडात धरला. मग ती अलगद घसरत खाली आली.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत गं?"

"वाटते ना. दर वेळी वाटते."

"मग मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"सांगितलं असतं तर तू पाठवलं असतंस?"

खिडकीबाहेर येरवडा मागे पडला, खराडी आली. इतकी वर्षं मला वाटत होतं, आमच्या घरात भिणारी मी एकटीच आहे. माझी भीती सांभाळायला या पोरीने स्वतःची लपवून ठेवली होती. वाघोलीला उतरताना मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "यापुढे मला सांगत जा. तरीही पाठवीन."

बोलून तर बसले. तेव्हापासून छातीत धडधडतंय.