शिडीकाकांचा नियम

विद्यापीठाच्या सभागृहाचे वायरमन म्हणजे शिडीकाका. हे नाव पोरांनी ठेवलं आणि काकांनी ते बावीस वर्षं मिरवलं. माणूस तिरसट. पण वर्गात ज्यांच्या तोंडाला कुलूप, अशी पोरं तास संपले की नेमकी त्यांच्याकडेच यायची. नाटकाचे दिवे लावताना कुणाकडे बघून उगाच हसावं लागत नाही, काम तेवढं करावं लागतं.

नियम एकच. वर चढणारा विचारणार, "धरली?" खालच्याने शिडीला दोन्ही हात घालायचे आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडायचं, "धरली!" त्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय नाही.

"माझा जीव तुझ्या हातात आणि तू नुसती मान हलवतोस?" काका असे खेकसायचे की पोरगं भीतीनं का होईना ओरडायचं. दोन-तीन महिने ओरडलं की तेच पोरगं कँटीनमध्ये चहा स्वतःच्या तोंडानं मागायला लागायचं.

मग विद्यार्थी विकास विभागात नव्या मॅडम आल्या. त्यांनी 'सामाजिक कौशल्यं' नावाचा उपक्रम सुरू केला. गटचर्चेला दहा गुण, सूत्रसंचालनाला पंधरा, पडद्यामागच्या कामाला शून्य. "तिथे संवाद कुठे असतो?" मॅडमनी विचारलं आणि काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवड्याभरात दहातली नऊ पोरं गुणांमागे पळाली. त्यांचा तरी काय दोष, नोकरीच्या अर्जात शिडीचा रकाना नसतो. पण काका दात-ओठ खात राहिले.

उरली एक. तिला सगळे पुटपुटी म्हणत. आठ महिने झाले तरी तिचं "धरली" तिच्या कॉलरपलीकडे जात नव्हतं, म्हणून काकांनी तिला शिडीला हात लावू दिला नव्हता. वायरी गुंडाळायला बसवलं होतं. मॅडमनी तर बजावलंच होतं, सत्र संपेपर्यंत कुणी काही शिकल्याचं दिसलं नाही तर दिव्यांचा गट बंद. निवृत्तीला दोन वर्षं असताना आपल्या डोळ्यांदेखत हे सगळं बुडणार, या विचारानं काकांना घास गोड लागत नव्हता.

कौशल्यांची प्रमाणपत्रं वाटायच्या दिवशी मंचावरचा एक दिवा नेमका मॅडमच्या डोळ्यांवर येत होता. काकांनी शिडी दिवे टांगलेल्या वरच्या नळीला टेकवली. धरायला मॅडमनी आपले दोन पंधरा गुणवाले पाठवले.

"धरली?"

"हो हो काका, चढा ना," एक जण मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

"हो हो नाही. धरली का?"

"अहो, तो हो म्हणाला ना!" मॅडम कडाडल्या. "पाहुणे खोळंबलेत. कसला हा अडेलतट्टूपणा!"

भरल्या सभागृहात पाहुण्यांसमोर! काकांचं डोकं सणकलं आणि त्या सणकेत त्यांनी बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. तसेच चढले.

नऊ पायऱ्या वर गेले आणि गुळगुळीत फरशीवर शिडीचे पाय सरकले. काकांनी नळीला मिठी मारली.

"धरलीऽऽ!"

शेवटची रांग दचकली. वायरींचं भेंडोळं फेकून पुटपुटी शिडीला भिडली होती, दोन्ही हात घालून. "हात घालायला काय झालं होतं तुम्हाला?" ती त्या दोघांवर ओरडत होती. "माणूस आहे वर! तुमचे गुण गेले खड्ड्यात!"

मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या. "वा! काय हा आत्मविश्वास! हेच तर आपल्या उपक्रमाचं यश. ये गं, तुझंही प्रमाणपत्र लिहिते."

काकांना वरूनच काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

"हात मोकळे नाहीत, मॅडम," पुटपुटी म्हणाली. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "काका, उतरताय?"

काकांची बोबडी वळली होती. त्यांनी कशीबशी मान हलवली.

"मान हलवलेली चालत नाही," ती खेकसली. "बोला!"

काकांना स्वतःचाच असा राग आला की आवाज फुटला. "उतरतोय! धरली?"

"धरली!"

तेव्हा कुठे काकांनी खालच्या पायरीवर पाय टाकला.