डोंगराची सायकल आणि मामींचा नारळ

निघतानाच माझं डोकं फिरलेलं होतं, हे आधीच सांगून टाकते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही नगरहून राजूरला निघालो आणि गाडीच्या मागच्या काचेतून मला रस्ताच दिसेना. सगळी काच सायकलनं अडवलेली. नवी कोरी, काळी, डोंगरात चालवायची सायकल. माझा नवरा अनिल शेजारी बसून दर दोन मिनिटांनी मागं वळून तिच्याकडं बघत होता. लग्नानंतर माझ्याकडं तरी इतक्यांदा बघितलं असेल का, देव जाणे.

या सायकलीमागची गोष्ट अशी. अनिलच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, पाठीला दणके बसता कामा नयेत. त्याआधी हा माणूस दर दसऱ्याला शेंडी गावाहून तलावाच्या काठानं रतनवाडीला सायकलवर जायचा, किसन नावाच्या मित्राला सोनं (आपट्याची पानं) द्यायला. किसनची रतनवाडीला देवळाजवळ चहाची टपरी आहे. दोघं टपरीबाहेरच्या दगडी ओट्यावर बसून दुपारभर गप्पा हाणायचे. गेल्या दसऱ्याला आम्ही गाडीनं गेलो. किसन आत गेला आणि अनिलसाठी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला, वर घडी घातलेली गोधडी ठेवून.

परत येताना अनिल इतकंच म्हणाला, "शैला, त्यानं मला खुर्ची दिली."

ती खुर्ची त्याच्या जिवाला लागली. वर्षभर व्यायाम केला, डॉक्टरांच्या मागं लागून परवानगी मिळवली, पण सायकल पाठीला जपणारी हवी, ही अट. मग पुण्याच्या मोठ्या दुकानात ही भेटली. तिच्या पुढच्या फोर्कला (चाक दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा) आणि मागच्या शॉकअपला बॅटरी. दगड लागला की चाकाजवळच्या यंत्राला कळणार, ते डोळ्याचं पातं लवायच्या आत शॉकअप मऊ करणार. चढ लागला की तेच पुन्हा घट्ट. विक्रेता मला म्हणाला, "मॅडम, सरांना खड्डा कळणारसुद्धा नाही." माझ्या ओठांवर आलं होतं, खड्डे कळत नसतील तर आमच्या जिल्ह्यात आलोय हे तरी कसं कळायचं? पण अनिलचा चेहरा बघितला आणि पैसे भरले. तो म्हणाला होता, हे जमलं नाही तर जुनी सायकलसुद्धा माळ्यावरून काढून देऊन टाकू. विषय संपला.

राहुरी सोडून देवळाली प्रवराच्या अलीकडं चहाला थांबलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये गतिरोधक, ते कुणी आणि कशासाठी घातलेत हे घालणाऱ्यालाही आठवत नसावं. सायकलभोवती माणसं जमली. उपरणंवाले एक काका फोर्कवर बोट फिरवत म्हणाले, "ताई, हिला मोटर हाय का?"

"नाही."

"मंग बॅटरी कशाला?"

"शॉकअपला."

"आन प्यांडल?"

"ते पायानंच मारायचं."

काकांनी आधी सायकलकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. "बरं बरं," म्हणाले, आणि घरात आजारी माणूस असल्यासारखा आवाज काढून, "हुईल बरं," एवढं जोडलं. मला हसू आलं. अनिलला आलं नाही.

संगमनेर, अकोले असं करत राजूरला पोचेपर्यंत दुपार झाली. अकोल्यापुढं डोंगर सुरू झाले, रस्त्याच्या कडेनं सोनकी फुललेली, भाताच्या खाचरांत लोंब्या वाकलेल्या. राजूरच्या बाजारात झेंडूचे ढीग लागले होते. तिथले पेढे घेतले आणि मामींच्या दारात गाडी लावली. तारामामी म्हणजे अनिलच्या मामाची बायको. मामा गेले, पण आमचा दसरा मामींकडंच असतो. आम्ही नवरा-बायको एकमेकांना नावानं हाक मारतो हे त्यांना अजून पटलेलं नाही, बाकी जीव भारी लावतात. जेवायला नागलीची भाकरी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी आणि काळभात (इकडचा वासाचा तांदूळ). मी भात तीनदा मागून घेतला.

संध्याकाळी अनिलनं गावाबाहेरच्या डांबरी चढावर सायकल काढून बघितली. चढासाठी शॉकअप घट्ट झाले, परतीला डांबर गुळगुळीत म्हणून तसेच राहिले. परत आला तो गडी लहान मुलासारखा खुललेला. "पाठ गप्प आहे शैला, एक शब्द बोलली नाही!" मग त्यानं बॅटरी काढली, घरात चार्जिंगला लावली आणि सायकल ओसरीवर ठेवली.

आता घात कसा झाला तो ऐका.

दसऱ्याला आपल्याकडं हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा असते. विळा, कोयता, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मामी पहाटे उठल्या. ओसरीवर नवं वाहन उभं, आणि ते बिनपूजेचं? त्यांनी हँडलला झेंडूची माळ घातली. चाकाजवळच्या चकचकीत ब्रेकच्या तबकडीला पाची बोटांनी कुंकू लावलं. आणि मग नारळ फोडून ते पाणी वरपासून खालपर्यंत, हातचं काही न राखता, सायकलीला घातलं. मी चहाचा कप घेऊन बाहेर आले तेव्हा फोर्कवरून पाणी ओघळत होतं, आणि बॅटरी बसायची ती रिकामी खाच नारळपाण्यानं काठोकाठ भरली होती. त्यात वर अक्षताही तरंगत होत्या.

"मामी!" मी ओरडले.

"का गं? चुकलं का काही? ट्रॅक्टरलाबी असंच घालतो आमी."

ट्रॅक्टरला खरंच काही होत नाही. अनिलनं फडक्यानं खाच पुसली, फुंकर मारली, उन्हात ठेवली, बॅटरी बसवली. लाल दिवा लुकलुकला तो लुकलुकतच राहिला. शॉकअप कालच्या चढावर घट्ट झालेले, ते तसेच दगडासारखे. वर बसून दाबलं तरी हलेनात. म्हणजे पाठीला जपायला घेतलेली सायकल आता साध्या सायकलीहून कडक! अनिल ओसरीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "राहू दे. गाडीनंच जाऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीला फोन लावला. खूप वेळ गाणं ऐकवल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली. मी सगळं सांगितलं.

"मॅडम, पुण्याला सर्व्हिस सेंटरला आणावी लागेल. पण बंद आहे, दसऱ्याची सुट्टी."

"ते कळलं. आत्ता हातानं सैल करायचा खटका कुठं आहे तेवढं सांग."

"मॅडम, ह्या मॉडेलला खटका नाही. डिझाइन क्लीन दिसावं म्हणून काढून टाकलाय."

"आणि खाचेला झाकण?"

"बॅटरी हेच झाकण, मॅडम."

"मग बॅटरी चार्जिंगला लावल्यावर?"

मुलगी म्हणाली, "नारळपाणी वॉरंटीत बसत नाही, मॅडम."

मी म्हटलं, "बाई गं, ही डोंगरात चालवायची सायकल ना? जाहिरातीत तुमचा माणूस ओढ्यातून उडी मारतो, तोंडावर चिखल उडतो. आणि इथं एका नारळानं मान टाकली? ज्या देशात विकता त्या देशात दसरा असतो, एवढं तरी कुणी सांगितलं होतं का तुमच्या इंजिनिअरांना? नाकापेक्षा मोती जड, त्यातला प्रकार आहे हा!" तिनं दुसऱ्या कुणाला तरी फोन जोडते म्हणून पुन्हा गाणं लावलं. मी फोन ठेवला. बिचारीचा काय दोष? पण ज्यांचा दोष आहे ते कधीच फोनवर येत नाहीत, याचाच मला जास्त संताप येतो.

मामी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "माझ्याच हातनं झालं व्हय हे?"

"तुमचं काही नाही मामी," अनिल उठला. का कोण जाणे, मामींचे डोळे बघून उठला असेल. चाकांवर वाकला आणि दोन्ही टायरमधली हवा फुस्स करून कमी केली. "जाडे टायर आहेत, थोडं ते खातील. बाकी गुडघे आहेत."

"आणि पाठ?"

"खराब रस्त्याला बसणार नाही. उभं राहून चालवीन. गुडघे सैल सोडायचे. शॉकअप नव्हते तेव्हा काय करत होतो?"

मी भांडले, जोरात भांडले. शेवटी तह झाला: शेंडीपर्यंत गाडी, पुढं तो सायकलवर आणि मी मागं गाडीत. कळ आली की थांबायचं, शहाणपणा नाही.

शेंडी ते रतनवाडी हा रस्ता इतका देखणा आहे, की डावीकडची झाडी बघावी का उजवीकडचा भरलेला तलाव, असं होतं. मी दोन्ही बघितलं नाही. मी फक्त अनिलची पाठ बघत होते. खड्डा आला की तो उभा राहायचा, गुडघे वाकायचे, सायकल दणदणायची आणि पाठ वरच्या वर तरंगायची. प्रत्येक खड्ड्याला मी "आई गं" म्हणत होते, आणि खड्डे संपत नव्हते. ब्रेक दाबला की तबकडीवरचं कुंकू असं किंचाळायचं की गुरं बाजूला व्हायची. मागून आलेल्या टेम्पोवाल्यानं काच खाली केली.

"ताई, गाडी बंद पडली का?"

"नाही. नवरा पुढं आहे."

"लई हळू चाललाय की!"

"चालू दे!" मी अशी खेकसले की तो पुढं निघूनच गेला. रस्त्यात अनिल दोनदा थांबला, पाठ ताणली, पाणी प्यायला. दोन्ही वेळा मी दार उघडून उभी राहिले. दोन्ही वेळा त्यानं मान हलवली.

रतनवाडीत शिरताना ब्रेक शेवटचा किंचाळला तेव्हा किसन टपरीतून बाहेर आला. घामानं भिजलेला अनिल, हँडलला कोमेजलेली झेंडूची माळ, कुंकवानं लालभडक चाक. किसननं खालपासून वरपर्यंत बघितलं. अनिलनं खिशातून चुरगळलेली आपट्याची पानं काढली. "सोनं घे."

किसननं घेतलं, मिठी मारली. मग ओट्यावर बसला, थोडा सरकला, आणि शेजारच्या दगडावर हात आपटून म्हणाला, "बस की. हुबा का?"

खुर्ची आतच होती. मला दिसत होती, भिंतीला टेकवलेली. ती नंतर मला मिळाली, आणि मी खुशाल बसले, कारण दुखत होती ती माझी पाठ.

नगरला परत आलो. नवी सायकल पुण्याला कंपनीकडं गेली, अजून तिथंच आहे. दुरुस्त होईल म्हणतात. त्याआधी त्यांनी 'वापरणाऱ्याची चूक' असा शिक्का मारलाच. चोराच्या उलट्या बोंबा! माझं म्हणणं सरळ आहे. यंत्रानं माणसाची पाठ जपावी, चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण यंत्र रुसलं तर माणसाच्या हाताला एक खटका तरी ठेवा. तो काढून टाकायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

काल कंपनीतून पुन्हा फोन आला, तीच गोड मुलगी. "मॅडम, सेवेबद्दल सरांचा अभिप्राय हवा होता. सर आहेत का?"

मी गॅलरीत जाऊन पाहिलं. माळ्यावरून खाली काढून तिथं ठेवलेली जुनी सायकल जागेवर नव्हती.

"नाहीत," मी म्हटलं. "सायकलवर गेलेत."