अण्णा भेटले, मला सोडून

या साइटवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे… पण खरं सांगायचं तर जेवताना करमणूक म्हणून. माझी नोकरी केंद्र सरकारची. ‘पुरावा जोडलेला नाही’ असा शेरा मारून कागद परत पाठवण्यात सत्तावीस वर्षं गेली. भूत, आत्मा, हाका ऐकू येणं - घरात कुणी असं काही बोललं की मी उठून गॅसवर चहा ठेवायचे. आज तशीच गोष्ट स्वतः लिहायला बसलेय, त्यामुळे कुणी हसलं तरी माझी तक्रार नाही.

मी फरीदाबादला राहते. जन्म दिल्लीचाच. शाळा पहाडगंजची मराठी शाळा, लहानपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. घरात आम्ही चौघं - अण्णा, आई, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी लहान भाऊ नीलेश. आई लवकर गेली. नीलेश शिकून बंगलोरला गेला, तिकडेच लग्न केलं. मी लग्न केलं नाही. अण्णांमुळे नाही हं, लोक उगाच तसं समजतात. राहून गेलं, बस.

अण्णांना स्ट्रोक आला आणि उजवी बाजू गेली. वाचाही गेली. पुढची साडेचार वर्षं ते माझ्याकडे होते. दिवसा एक बाई यायची, बाकी सगळं मीच. या साडेचार वर्षांत त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, “हां.” भूक लागली तरी हां, दुखलं तरी हां. नीलेश दोनदा येऊन गेला, चार-चार दिवस. अण्णा गेले तेव्हा त्याला फ्लाइट मिळेना, तो तिसऱ्या दिवशी पोचला. मी त्याला एका शब्दानेही बोलले नव्हते. खरंच नव्हते.

या पावसाळ्यात अण्णांचं वर्षश्राद्ध झालं. त्यासाठी नीलेश, त्याची बायको अपर्णा आणि आठ वर्षांची गार्गी असे तिघं आले. शनिवारी विधी झाले. रविवारी पोर घरात कंटाळली. नीलेशने फोनवर शोधून काढलं की गुडगाव-फरीदाबाद रोडवरून आत वळलं की अरवलीत एक झरना आहे, पावसाळ्यात छान वाहतो, सपाट वाट, पाऊण तास, मुलांना घेऊन जाण्यासारखी. मी म्हटलं चला. इतकी वर्षं इथे राहून मी तिकडे कधी गेले नव्हते. अण्णाही गेले नसणार, त्यांचं फिरणं म्हणजे ऑफिस, मंडई आणि गणेशोत्सव मंडळाचा हॉल.

सकाळी साडेआठला तिथल्या गावाबाहेर एका कडुनिंबाखाली गाडी लावली. एक भुट्टेवाला, आणखी चार-पाच गाड्या. वाट खरंच सोपी होती. लाल रेती, दोन्ही बाजूंना विलायती कीकरची काटेरी झुडपं, आणि पुढे जुनं जंगल लागलं की धौची बारीक पानांची झाडं. ढगाळ होतं, घामाच्या धारा लागल्या होत्या. नीलेश आणि अपर्णा पुढे, गार्गी मध्ये उड्या मारत, आणि गुडघ्याला पट्टा बांधून मी सगळ्यात मागे. माझ्यामागे कुणी नव्हतं. हे मुद्दाम सांगतेय. दम लागला की मी थांबून मागे वळून बघत होते, वाट रिकामी असायची.

झरना म्हणजे दोन पुरुष उंचीवरून पडणारं तांबूस पाणी. खाली पायापुरतं डबकं, त्यात पोरं, काठावर चिप्सची पाकिटं, कुणाचा तरी स्पीकर. गार्गी तासभर पाण्यात होती. मजा आली, खोटं कशाला बोलू.

परतताना माझा गुडघा बोलायला लागला. मी एका दगडावर टेकले. गार्गी माझ्याजवळ थांबली. नीलेश म्हणाला, आम्ही हळूहळू पुढे होतो, तुम्ही या. दोन मिनिटांत गार्गीला कंटाळा आला. आई-वडील समोर वळणावर दिसत होते, पन्नास पावलांवर. तिने विचारलं, मी जाऊ त्यांच्याकडे? मी म्हटलं जा. पट्टा सोडून परत बांधायला जेवढा वेळ लागला तेवढीच माझी मान खाली होती. मी वळणावर पोचले तेव्हा ते दोघे माझी वाट बघत उभे होते. गार्गी नव्हती.

नीलेशचा चेहरा मला अजून दिसतो. आवाज न चढवता तो म्हणाला, “ताई, तुझ्याजवळ सोडली होती ना तिला.”



अपर्णा झऱ्याकडे धावली. मी आणि नीलेश मधल्या पट्ट्यात शोधायला लागलो. हाका मारमारून घसा बसला. एका ठिकाणी मोठ्या वाटेतून एक पायवाट फुटत होती आणि तोंडाशी गंजलेला बोर्ड पडला होता - आगे खदान है. या भागातल्या दगडाच्या जुन्या खाणी बंद होऊन वर्षं झाली, पण खड्डे तसेच आहेत. पावसाळ्यात ते भरतात, आणि त्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या आम्ही इथे वाचत असतो. नीलेशला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. 

आम्ही त्या पायवाटेवर शिरलो. पुढे ती झाडीत विरून गेली. कुठल्या बाजूला जायचं कळेना. आणि नीलेश एकदम थांबला.

“ऐकलंस?” तो म्हणाला.

“काय?”

“अण्णा.”

ज्या सुरात आपण ‘फोन वाजतोय’ म्हणतो, त्या सुरात. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. तो म्हणाला, निलू म्हणून हाक मारली, तिकडून. मी कान देऊन ऐकलं. लांबवर मोर ओरडत होता, बाकी काही नाही. तोपर्यंत नीलेश डावीकडे काट्यांत घुसलाही होता. दोनदा मध्येच थांबून “आलो, आलो” म्हणाला. मी त्याच्यामागे पाच हातांवर होते आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. नंतर मी कान तपासून घेतले. नॉर्मल आहेत.

झाडी संपली आणि गार्गी दिसली. एका पांढऱ्या दगडावर मांडी घालून बसली होती, हात मांडीवर, शाळेत बसवतात तशी. तिच्यापुढे चार हातांवर जमीन संपत होती. खाली, बरंच खाली, हिरवं पाणी.

नीलेशने तिला उचललं आणि रडायला लागला. ती अगदी शांत होती. म्हणाली, “आजोबा म्हणाले, इथेच बस, पप्पा येतोय.”

ती सांगत होती ते असं. पप्पांकडे जाताना तिला वाटेबाजूला मोराचं पीस दिसलं, मग आणखी एक, ती उचलत उचलत ती आत गेली आणि हरवली. पाणी दिसलं म्हणून धावणार होती, तेवढ्यात कुणीतरी दंड धरला. आजोबा होते. फोटोतले. त्यांनी तिला दगडावर बसवलं आणि तिच्याशी गप्पा मारल्या. गार्गीने अण्णांना पाहिलं होतं ते दोनदाच, पलंगावर, मुके.

मोठ्या वाटेवर अपर्णा भेटली. तिचं रडणं आवरून आम्ही खाली निघालो. गावाजवळ एक म्हातारी बाई शेळ्या चारत होती. आमच्या हाका तिच्यापर्यंत गेल्या असाव्यात. तिने विचारलं, “मिल गई लड़की?” आम्ही मान हलवली. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “और वो बुज़ुर्ग किधर रह गए?”

मी विचारलं, कौन बुज़ुर्ग?

“सुबह आपके पीछे-पीछे चल रहे थे जो। भूरा स्वेटर पहने। मैंने सोचा, इतनी गर्मी में स्वेटर।”

स्ट्रोकनंतर अण्णांना सतत थंडी वाजायची. तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर मे महिन्यातसुद्धा अंगातून निघत नसे. मी तो रोज त्यांना घालायचे, उजवा हात आधी, मग डोकं, मग डावा.

पुढचे दोन-तीन तास मी किती सुखात होते, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. गाडीत मागच्या सीटवर बसून मी काचेतून बाहेर बघत होते आणि मनात एकच - माझ्या पाठीमागे चालत होते. माझ्या. मी घरातून घेऊन आले त्यांना. पुरावा वगैरे सगळं गेलं खड्ड्यात.

मध्येच गार्गीने विचारलं, “आत्या, टंगळमंगळ म्हणजे काय?”

नीलेशने गाडी बाजूला घेऊन थांबवली. गार्गी बंगलोरची पोर, घरात अर्धं इंग्लिश. हा शब्द तिच्या आई-बापाच्या तोंडीही नाही, अपर्णाने तर तो पहिल्यांदाच ऐकला. लहानपणी रोज संध्याकाळी आम्हाला अभ्यासाला बसवताना अण्णा म्हणायचे - टंगळमंगळ नको, सरळ बस. गार्गी म्हणाली, आजोबा तेच म्हणाले, आणि ते खूप बोलत होते, थांबतच नव्हते.

खूप बोलत होते… साडेचार वर्षं मी एका शब्दासाठी तरसले.

संध्याकाळी नीलेश आणि अपर्णा जरा आडवे झाले. गार्गी स्वयंपाकघरात ओट्याजवळ स्टुलावर बसून दूध पीत होती. मी कणीक मळत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की आजोबा आणखी काय काय म्हणाले. तिने सांगितलं - पप्पा लहानपणी कसा झाडावरून पडला, पप्पाला कारलं आवडत नाही, पप्पा खूप हुशार. सगळं पप्पाचंच. मी कणकेचा गोळा उलटा केला आणि विचारलं, “आणि माझ्याबद्दल?”

तिने ग्लास खाली ठेवला. आठवून म्हणाली, “मी त्यांना सांगितलं ना, मंजूआत्यापण आलीय. तर ते म्हणाले, कोण मंजू?”

मी म्हटलं, मग?

“मी म्हटलं, तुमची मुलगी. तर ते नुसते बघत बसले. मग निलू, निलू म्हणून हाका मारायला लागले.”

पोरीच्या मनात काही नव्हतं. तिने दुधाची मिशी पुसली आणि बिस्कीट मागितलं. मी दिलं.

स्पीच थेरपिस्टने मला एक व्यायाम शिकवला होता. रोज सकाळी समोर बसायचं आणि विचारायचं - अण्णा, मी कोण? सांगा, मं… मं… मं… मी साडेचार वर्षं रोज विचारलं. ते माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, हां. मी समजायचे, ओळखतात, फक्त सांगता येत नाही. त्या समजुतीवर मी किती रात्री जागून किती चादरी धुऊन काढल्या असतील…

नीलेश मात्र त्या दिवसापासून वेगळाच माणूस झाला. एअरपोर्टला जाताना मला मिठी मारून म्हणाला, “ताई, अण्णांनी मला माफ केलं गं. मी वेळेवर पोचलो नाही, तरी माझ्याकडेच आले.” त्याने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. पुण्याच्या काकू मला म्हणाल्या, बघ, मुलगा तो मुलगाच. मी हो म्हटलं. गार्गीने ओट्याजवळ काय सांगितलं ते मी त्याला सांगितलेलं नाही. आणि हो, त्या दिवशी पोरगी वाचली. याचा आनंद मला नाही असं कुणी समजू नये. तिचं काही झालं असतं तर मी जगले नसते. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

नंतर मी तिकडे एकटी दोनदा गेले. दिवसाढवळ्या, रजा टाकून. त्या पांढऱ्या दगडावर बसले. पहिल्यांदा हाक मारली - अण्णा, मी मंजू. दुसऱ्यांदा बरंच काही बोलले, जे मी ते असताना कधी बोलले नव्हते, चांगलं नव्हतं ते. कुणी उत्तर दिलं नाही. परत येताना प्रत्येक वळणावर मागे बघत आले.

मी सरकारी डोक्याने सगळं पडताळून पाहिलं आहे. कुणी दुसरा मराठी म्हातारा फिरायला आला असेल? योगायोगाने त्याला निलू हे नाव माहीत होतं, कारलं माहीत होतं? नीलेशने कधीतरी पोरीला हे सांगितलं असेल? तो नाही म्हणतो. घाबरलेल्या पोरीचे भास म्हणावेत तर त्या शेळीवाल्या बाईने काय पाहिलं? यातलं काहीच जुळत नाही. मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं की स्ट्रोकच्या पेशंटला आपली माणसं ओळखू येतात का. ते म्हणाले, कुणाला येतात, कुणाला नाही, तुमच्या वडिलांचं आता कसं सांगणार.

गेल्या आठवड्यात नीलेशचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, ताई, अण्णा तुझ्या स्वप्नात येतात का गं? मी हो म्हटलं. तो खूश झाला. विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, तुझी चौकशी करतात.

इथे ज्यांना आपलं गेलेलं माणूस दिसलं त्यांचे अनुभव खूप आहेत. मी सगळे परत वाचून काढले, या वेळी न हसता. दोन वर्षांपूर्वीचे धागेसुद्धा. आपलं माणूस परत आलं, अगदी आपल्या मागून चालत आलं, आणि आपल्याला ओळखलं नाही - असं कुणाच्या बाबतीत झालं असेल तर कृपया लिहा. मला तसा एकही सापडला नाही.