मीठ धाकटीचं, जीभ थोरलीची

शनिवारी सकाळी थोरलीने पिशवी भरायला घेतली तेव्हा घरात हसू पिकलं. बदलायचे कपडे, टॉवेल, गोळ्यांची डबी आणि जपाची माळ एवढंच तिचं सामान. बंदराच्या गावी रस्त्यावर फार चांगलं खायला मिळतं म्हणतात, दोन दिवस जाऊन येते, असं तिने आदल्या दिवशी जेवताना जाहीर केलं होतं. आणि सोबत कोणी नको, हेही. नवरा म्हणाला, तुझ्या हातचं खाऊन कंटाळायची पाळी आमची, तूच कशी आधी कंटाळलीस? मुलगी म्हणाली, बाहेर घोटभर पाणी पिताना दहादा पेला विसळणारी आमची आई आता गाड्यांपुढे उभी राहून खाणार, मला फोटो हवा. थोरली त्यांच्याबरोबर हसली, पिशवीची चेन ओढली आणि देवापुढे हात जोडून बाहेर पडली. खरं कारण काय ते तिला आणि देवालाच ठाऊक होतं.

थोरलीला चव लागत नव्हती. मागे एक ताप आला, आठवडाभर अंथरुणाला खिळवून गेला, आणि जाताना जिभेवरचं सगळं पुसून घेऊन गेला. गोड नाही, खारट नाही, कडू नाही. घास तोंडात गेला की गरम की गार, मऊ की टणक, एवढंच कळायचं. दुसऱ्या एखाद्या बाईने हे जगाला सांगून सहानुभूती मिळवली असती. पण थोरली इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि तिथलं तिचं मुख्य काम चाखण्याचं होतं.

त्या स्वयंपाकघरात ती आणि तिची धाकटी जाऊ अशा दोघी लग्नानंतर थोड्याच वर्षांत लागल्या होत्या. थोरली, धाकटी हीच त्यांची नावं होऊन बसली होती. पगाराच्या दिवशी खरी नावं पुकारली की दोघी जरा उशिराच वळायच्या. तिथे रोज भाजीच्या रश्श्याची दोन मोठी पातेली चढत. एक मिठाचं, एक अळणी. अळणी पातेलं हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी. पातेली सारखी, रस्सा सारखा, फरक फक्त मिठाचा. ज्या म्हाताऱ्या आचाऱ्याने दोघींना तयार केलं, त्याने एक शिस्त घालून दिली होती: मीठ घालणाऱ्याने चाखायचं नाही. आपला हात आपल्या जिभेला फितवतो, असं तो म्हणायचा. म्हणून मीठ धाकटी घालायची आणि दोन्ही पातेली थोरली चाखायची. चमचाभर रस्सा तळहातावर घ्यायची, तोंडात टाकायची, क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "हं." त्या 'हं'शिवाय पातेल्यावर झाकण पडत नसे. एकदा डॉक्टर घाईत होते तरी झाकण पडलं नव्हतं, याचं दोघींना केवढं कौतुक.

तापातून उठल्यावर पहिल्या दिवशी थोरलीने चाखलं आणि तिला काहीच लागलं नाही. पण सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ती म्हणाली, "हं." उद्या परवा येईल चव, असं तिने मनाला समजावलं. धाकटीचा हात कधी चुकत नाही, हेही समजावलं. मग रोज ती रश्श्याचा रंग बघायची, वाफ बघायची, धाकटीच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायची आणि 'हं' म्हणायची. संध्याकाळी देवापुढे बसली की क्षमा मागायची, आणि सकाळी पुन्हा तेच.

आणि मग एके दिवशी अळणी पातेल्यात मीठ निघालं.

वॉर्डातला एक म्हातारा रोगी दोन वाट्या रस्सा आवडीने प्यायला. इतक्या दिवसांनी चवीचं मिळालं म्हणून त्याने सिस्टरचे आभारही मानले. दुसऱ्या दिवशी त्याचे पाय सुजले, श्वास लागला. देवाची कृपा, तो त्यातून उठला. पण चौकशी झाली. स्वयंपाकघराच्या मुकादमाने दोघींना समोर उभं केलं आणि थोरलीला विचारलं, तुम्ही चाखलं तेव्हा कसं होतं? थोरलीच्या तोंडून निघून गेलं की अळणीच होतं. मुकादम भला माणूस, पण हिशोब त्याने सरळच मांडला. थोरलीची जीभ खोटं सांगायची नाही. म्हणजे चाखेपर्यंत मीठ नव्हतं, नंतर पडलं. मिठाचा डबा फक्त धाकटीच्या हातात. म्हणजे धाकटी घातलेलं विसरली आणि भलत्याच पातेल्यात पुन्हा घालून आली.

धाकटी म्हणाली, मला काही आठवत नाही असं केल्याचं. मुकादम म्हणाला, तेच तर.

त्या 'तेच तर'ने धाकटीच्या पाचावर धारण बसली. तिची आई उतारवयात सगळं विसरत गेली होती. आधी चुलीवरचं दूध, मग घराचा रस्ता, मग पोटची मुलगी. धाकटीने ते सगळं जवळून पाहिलं होतं. आता ती हातातल्या डब्याकडे बघत उभी राहायची. मीठ घातलं की भांडी घासणाऱ्या बाईला विचारायची, घातलं ना गं मी आत्ता? बोलायला खमकी, कोणाला न ऐकणारी बाई, ती शेळीसारखी गरीब झाली. गेल्या गुरुवारी तिने थोरलीला सांगितलं की सोमवारी मुकादमाला सांगून काम सोडते, डोक्याच्या डॉक्टरांनाही दाखवते. आपल्या हातून कोणाचा जीव जायला नको. सांगताना ती रडली नाही. थोरलीने तेव्हाही खरं सांगितलं नाही.

म्हणून हे बंदराचं गाव. थोरलीने मनाशी बोली केली होती. तिथे माझी ओळख नाही, कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही. हवं ते खाईन, हवं तितकं मीठ-लिंबू मागेन. चव परत आली तर सोमवारी 'हं' खरं म्हणेन, मुकादमाला सांगून धाकटीला धरून ठेवेन, झालं गेलं गंगेला मिळेल. नाही आली, तर धाकटीला सगळं सांगायचं. जप करताना तिने फक्त पहिलंच मागितलं.

शनिवारी दुपारपासून ती खात सुटली. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या लागलेल्या. कणीस भाजणाऱ्याला तिने मीठ दोनदा चोळायला लावलं. दाणे दाताखाली फुटले, ओठांना चटका बसला, बाकी काही नाही. तळलेले मासे घेतले, ते कुरकुरले. बटाट्याच्या गरम चकत्यांवर लाल तिखट होतं, त्याने डोळ्यांत पाणी आणलं. पण तिखट म्हणजे चव नव्हे, आग आहे, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? लिंबू नुसतं चोखलं तेव्हा जिभेच्या कडेला काहीतरी टोचल्यासारखं झालं. तेवढ्यावर तिने केवढी आशा बांधली. आजूबाजूला माणसं बोटं चाटत होती, एकमेकांच्या तोंडात घास भरवत होती, आणि ती प्रत्येक गाडीपुढे डोळे मिटून अशी उभी, की एका गाडीवाल्याने विचारलंच, बाई, बरं वाटत नाही का, पाणी देऊ?

रविवारी सकाळी ती मासळीच्या रश्श्याच्या टपरीवर गेली. नवरा-बायकोची टपरी. बायको वाट्या भरत होती, नवरा पाव कापून देत होता. थोरली बाकावर टेकली. रस्सा गरम होता, रात्री नीट झोप नव्हती, पोटाला बरं वाटलं. वाटी तिने तळापर्यंत पुसून खाल्ली. मान वर केली तेव्हा दिसलं की शेजारच्या दोघांनी वाट्या तशाच सरकवल्या आहेत. एक जण तोंड वाकडं करून म्हणत होता की समुद्र ओतला आहे यात.

नवरा बायकोवर उखडला. दोनदा घातलंस तू मीठ, हल्ली तुझं लक्ष कुठे असतं? बायको म्हणाली, एकदाच घातलं. तो म्हणाला, आठवतंय का तुला? तिने पातेल्यात डाव फिरवला. मग तिचं लक्ष थोरलीच्या चाटूनपुसून स्वच्छ केलेल्या वाटीकडे गेलं आणि तिचा चेहरा उजळला.

"ह्या ताईंना विचारा. सगळी वाटी खाल्ली त्यांनी. ताई, तुम्हीच सांगा, खारट आहे?"

सगळे थोरलीकडे बघायला लागले. तिच्या ओठांवर 'हं' आलंच होतं. सवयीचं, बाहेर पडायला तयार. एवढं म्हटलं असतं तर त्या बाईची बाजू वर झाली असती, आणि पातेलं तसंच विकलं गेलं असतं. थोरलीने वाटी खाली ठेवली.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "माझ्या जिभेला चव नाही. मला काही कळत नाही."

इतक्या महिन्यांत हे वाक्य तिने पहिल्यांदा उच्चारलं, तेही परक्या गावात, पाव खाणाऱ्या चार अनोळखी माणसांपुढे. बायकोने स्वतः चमचा तोंडात घातला आणि कपाळाला हात लावला. मग नवऱ्याला शांतपणे विचारलं, मी पाण्याला गेले होते तेव्हा तूही घातलंस ना? नवरा पाव कापायला लागला. ती थोरलीकडे वळली आणि कसलाही टोमणा नसलेल्या, खरोखर नवल वाटलेल्या आवाजात म्हणाली, "मग ताई, खायला कशाला आलात एवढ्या लांब?"

थोरलीने वाटीचे पैसे ठेवले. ती उठली, संध्याकाळच्या गाडीची वाट न बघता मिळेल त्या बसमध्ये बसली. वाटेत माळ हातात होती, पण मणी सरकला नाही.

ती स्वतःच्या घरी न जाता थेट धाकटीकडे गेली. धाकटी स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होती. थोरली तिच्यासमोर बसली, पिशवीही खांद्यावरून उतरवली नाही, आणि तापापासून सगळं सांगितलं. धाकटी ऐकताना शेंगा सोलतच राहिली. मग तिने विचारलं,

"त्या दिवशी अळणीला हं म्हणालात, ते न कळता?"

"न कळता."

"म्हणजे मीठ तेव्हाच असेल त्यात."

"तेव्हाच असणार. तू नंतर तिकडे गेलीच नाहीस. पातेल्यांची अदलाबदल झाली असेल, काही झालं असेल. ते धरायलाच तर मी होते."

धाकटीचे हात थांबले. "म्हणजे मी विसरले नव्हते काही."

"नाही गं. तुझं डोकं शाबूत आहे. माझीच जीभ गेली होती, आणि मी तोंड मिटून बसले."

धाकटी उठली, माठापाशी गेली, पाणी प्यायली. थोरलीला वाटलं आता ती शिव्या देईल, आणि तिने द्याव्यात असंही वाटलं.

"रात्री मी मुलांची नावं म्हणत झोपते, जाऊबाई," धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली. "मग नातवंडांची. मग तुमचं. सकाळी पुन्हा म्हणून बघते, सगळी आहेत ना."

थोरलीने पदर तोंडाला लावला. मुकादमाला उद्या मी सांगते, एवढं ती कशीबशी म्हणाली. धाकटीने सांगितलं, तुम्हीच सांगायचं. मी शेजारी उभी राहीन, पण तुमच्या वतीने एक शब्द बोलणार नाही. आणि आता घरी जा.

सोमवारी थोरलीने सगळ्यांसमोर सांगितलं. धाकटी शेजारी उभी राहिली आणि बोलली नाही. मुकादमाने टेबलावरची पेनं एकेक करून सरळ लावली. म्हाताऱ्या रोग्याच्या घरी जाऊन तुम्हाला हे त्यालाही सांगावं लागेल, असं तो म्हणाला, आणि थोरली त्याच आठवड्यात जाऊन आली. चाखायचा चमचा भांडी घासणाऱ्या बाईकडे गेला. थोरलीला कामावर ठेवलं, पण कांदे-बटाटे चिरायला, खिडकीखालच्या पाटावर. तिथून पातेली दिसत नाहीत.

चव अजून आलेली नाही. जपाला बसते तेव्हा आता थोरली ती मागत नाही. धाकटी कामापुरतं बोलते: कांदा बारीक हवा, बटाटा पाण्यात ठेवा. पण मीठ घालताना ती कोणाला काही विचारत नाही. मूठ भरते, पातेल्यावर धरते, सोडते आणि पुढच्या कामाला लागते. खिडकीखाली सुरी चालवत असलेल्या थोरलीला ते दिसत नाही. फक्त मिठाच्या डब्याचं झाकण ठणकन लागलेलं ऐकू येतं, पूर्वीसारखं, एकदाच.